फाईल जाड झाली, पण लेकरू वाचंना

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले होते की नोकरी लागल्यावर शिक्षकाचं स्वतःचं शिकणं कसं चालतं, ट्रेनिंगचे काय अनुभव आले ते कळवा, तर पत्रांचा ढीगच लागला. बीड, हिंगोली, जालना, धाराशिव, सगळीकडून. व्हॉट्सॲपवर आलेले तर मोजलेच नाहीत. नावं कोणाचीच छापत नाही कारण बऱ्याच जणांनी अगदी मोकळेपणानं लिहिलंय आणि नोकरीतल्या माणसाला जपून राहावं लागतं. माझ्याबद्दल एवढंच सांगते की ३३ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत काढली, पहिली शाळा कंधार तालुक्यातली, शेवटची सात वर्षं केंद्रप्रमुख होते, म्हणजे आसपासच्या शाळांचं केंद्र बघायचं काम. म्हणजे ट्रेनिंगला समोर बसले पण आहे आणि माईक धरून उभी पण राहिले आहे. सगळी पत्रं घेता येणार नाहीत, पाच घेतली आहेत, पहिल्यावरच जरा जास्त लिहिलं गेलंय पण ते तसंच राहू देते.

प्रश्न : ताई नमस्कार. मी बीड जिल्ह्यात गेवराई तालुक्यात द्विशिक्षकी शाळेवर आहे, पहिली ते चौथी, पट ३८, नोकरीला १४ वर्षं झाली. आजपर्यंत एकही ट्रेनिंग चुकवलं नाही, सर्टिफिकेटची फाईल एवढी जाड झालीय की कपाटात उभी राहते. पण यावर्षी एक गोष्ट मनाला फार लागली. आमच्याकडं दिवाळी झाली की आईबाप ऊसतोडीला निघतात, मुकादमाचा ट्रॅक्टर दारात येतो, त्या आठवड्यात मी रोज संध्याकाळी घरोघर फिरते, आज्जीला हातापाया पडून सांगते की लेकराला ठेवून घ्या, मी बघते. यावर्षी नेमकं त्याच आठवड्यात पाच दिवसांचं ट्रेनिंग लागलं. मी तालुक्याला हॉलमध्ये बसले होते आणि इकडं सहा लेकरं गेली. त्यातल्या दोघांच्या आज्ज्या ठेवून घ्यायला तयार होत्या, मी दारात असते तर ती दोघं नक्की राहिली असती. आणि हॉलमध्ये काय, तर चाळीस लेकरांचा एकच वर्ग धरून गटकार्य, समोर पीपीटी वाचून दाखवायलेत, माझ्याकडं एका खोलीत दोन-दोन वर्ग. शेवटी लिंक भरा, फोटो टाका, पोस्ट टेस्ट द्या. तिसरी-चौथीतली माझी नऊ लेकरं अजून जोडाक्षर आलं की थांबतात ताई. या ट्रेनिंगनं मी चांगली शिक्षिका व्हायले का नुसती हजर राहायले, खरं सांगा.

उत्तर : मॅडम, तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना डोळे भरून आले. ती सहा लेकरं आधी बघू, ट्रेनिंगचं नंतर. पाडव्याच्या आसपास परत येतील तेव्हा ती शाळेत येतीलच असं धरू नका, पहिल्याच दिवशी घरी जा. ज्या दोन आज्ज्या तयार होत्या त्यांच्याशी आत्तापासूनच बोलत राहा, पुढच्या दिवाळीला त्या कामाला येतील. हंगामी वसतिगृहाचा (आईबाप ऊसतोडीला गेले की लेकरांची गावातच राहायची सोय) प्रस्ताव द्यायचा तर स्थलांतर करणाऱ्या घरांची यादी दसऱ्याच्या आधी हातात पाहिजे, ट्रॅक्टर दारात आल्यावर यादी करून उपयोग नसतो. आणि शाळा व्यवस्थापन समितीचा एक ठराव ऑगस्टमध्येच घ्या की आमच्या गावातून अमुक आठवड्यात स्थलांतर होतं, त्या काळात शिक्षकांना ट्रेनिंगला बोलावू नये, नाहीतर दुसरी बॅच द्यावी. ट्रेनिंग बहुतेक वेळा बॅचनं चालतं हे तुम्हाला माहितीच आहे. मी केंद्रप्रमुख असताना असा कागद हातात होता म्हणून दोन बाईंची बॅच बदलून घेता आली, तोंडी सांगितलेलं कोणी ऐकत नव्हतं. कागद लागतो.

आता तुमचा खरा प्रश्न. मी तुम्हाला माझ्याच वर्गात झालेलं सांगते.

नोकरीला सहा-सात वर्षं झाली असतील, तालुक्याला गणिताचं ट्रेनिंग होतं. चांगलं होतं, खरंच चांगलं होतं. एका गुरुजींनी तुराट्या तोडून बोटाएवढ्या काड्या करून आणल्या होत्या, दहा-दहाचे गठ्ठे, सायकलच्या जुन्या ट्यूबची रिंग कापून त्याचं रबर लावलेलं. हातच्याची वजाबाकी त्यावर इतकी सुंदर समजावली की मला वाटलं आजपर्यंत आपण लेकरांवर अन्यायच केला. घरी आले, रविवारभर बसून काड्या तोडल्या, नवऱ्याकडून ट्यूब आणून घेतली, सोमवारी वर्गात सगळं मांडलं. ४२ वजा १७. चार गठ्ठे, दोन सुट्ट्या काड्या. एक गठ्ठा सोडला, बारा सुट्ट्या झाल्या, त्यातल्या सात काढल्या, पाच राहिल्या, लेकरं हो हो म्हणतायत, मी खूश. मग पाटीवर तेच गणित दिलं तर अर्ध्या वर्गानं लिहिलं ३५. दुसऱ्या दिवशी परत केलं, परत ३५. आठवडाभर ३५. मला वाटलं एकतर ट्रेनिंगमध्ये चूक आहे नाहीतर माझ्यात.

शेजारच्या गावच्या शाळेत एक गुरुजी होते, त्यांच्या गावची जत्रा म्हणून त्यांना स्थानिक सुट्टी होती, मी म्हणलं या आणि जरा मागं बसा. ते आले, लेकरांत सतरंजीवर मांडी घालून बसले. तासभर माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही, एका पोराच्या पाटीकडं बघत बसले होते. सुट्टी झाल्यावर म्हणाले, बाई, गठ्ठा तुम्ही सोडायल्यात. लेकराच्या हातात काडी गेलीच नाही. मी म्हणलं वाटल्यात की काड्या, सगळ्यांना वाटल्यात. ते म्हणाले, वाटल्यात, पण त्या पोराला मी हळूच विचारलं की गठ्ठा का सोडंना गेलास, तर तो म्हणतो बाईंनी एवढं बांधून आणलंय, सोडला तर बाई रागावतील. म्हणून तो गठ्ठ्याला हात लावत नव्हता. दोनातून सात जाईनात, तर सातातून दोन काढून पाच लिहीत होता, चारातून एक तीन, पस्तीस. त्याच्या परीनं त्यानं बरोबर वाट काढली होती.

दुसऱ्या दिवशी मी काड्या सुट्ट्याच दिल्या आणि रबरं वेगळी दिली. बांधा तुम्हीच, सोडा पण तुम्हीच. पंधरा मिनिटं नुसता गोंधळ, रबरं एकमेकांच्या अंगावर उडायली. मग तेच पोरगं ओरडलं, बाई गठ्ठे तीन राहिले अन सुट्ट्या बारा झाल्या! २५ लिहिलं त्यानं. तो चेहरा मला आजही दिसतो.

हे सांगायचं कारण, ट्रेनिंग चांगलं होतं, मी पण मनापासून केलं होतं, तरी ते वर्गात उतरलं नाही आणि का उतरलं नाही हे मला एकटीला कधीच दिसलं नसतं, कारण शिकवणाऱ्याला शिकवताना लेकराची पाटी दिसत नाही. मागं बसलेल्या माणसाला दिसते. पुढं बऱ्याच वर्षांनी मला कळलं की जपानमध्ये शाळांत हे शंभराहून जास्त वर्षं पद्धतशीर चालतं, लेसन स्टडी म्हणतात त्याला, तीन-चार शिक्षक मिळून एक पाठ ठरवतात, एकजण शिकवतो, बाकीचे वर्गात बसून लेकरं काय करतात तेवढं टिपतात आणि मग सगळे बसून त्यावर बोलतात, पाठ सुधारतात. शिक्षकाला मार्क द्यायचे नसतात, तपासणी नसते. आपल्याकडं वर्गात मोठं माणूस आलं की तपासणीच समजतात, फळ्यावर तारीख आहे का, टाचण कुठंय, हजेरी मांडली का. त्यामुळं मागं कोणी बसलं की आपलं अंग आकसतं. माझंही आकसायचं.

तुमची शाळा द्विशिक्षकी, कोणाला बोलवायचं म्हणाल. एक तर जवळच आहे की, तुमचे जोडीदार सर नाहीतर मॅडम. दुसरे दोन वर्ग अर्धा तास बाहेर लिंबाखाली वाचत बसवा आणि एकमेकांच्या वर्गात महिन्यातून दोनदा बसा, एवढं जमतं, मी द्विशिक्षकीवरच नऊ वर्षं काढली म्हणून सांगते. आणि बसल्यावर फक्त दोन लेकरांकडं बघायचं ठरवा, अख्ख्या वर्गाकडं नाही.

तुमच्या त्या नऊ लेकरांचं बघू. जोडाक्षर आलं की थांबतात असं तुम्ही लिहिलंत, पण कोणत्या जोडाक्षराला कोण थांबतं हे लिहिलेलं नाही आणि माझा अंदाज आहे की ते तुम्ही अजून वेगळं करून बघितलं नसेल. नुसता र घ्या. सूर्य मध्ये तो डोक्यावर जातो, चक्र मध्ये पोटात तिरका, ट्रक मध्ये खाली टोपीसारखा, कुऱ्हाड मध्ये अजून वेगळाच. एकाच अक्षराची चार रूपं, आणि आपण सगळ्याला जोडाक्षर म्हणून मोकळे होतो. बारा शब्दांची एक यादी करा, असे शब्द घ्या जे तुमच्या लेकरांच्या तोंडात आहेत, ट्रॅक्टर, कुऱ्हाड, भाकऱ्या, गव्हाच्या ओंब्या, पाण्याचा हंडा, कारखान्याची पट्टी. नऊ जणांना एकेकाला बाजूला घेऊन वाचायला द्या, कुठं थांबतो तिथं खूण करा. अर्धा तास लागेल सगळ्यांचा मिळून. मला खात्री आहे की नऊ जणांची अडचण एक नसेल, दोघं-तिघं रफारालाच अडत असतील, एखाद्याचं जोडाक्षराचं काहीच नसेल, त्याची वेलांटीच कच्ची असेल. ती यादी झाली की मला पाठवा, मनापासून सांगते, मी वाट बघेन. मॅडम, त्या अर्ध्या तासात तुम्ही स्वतःविषयी आणि लेकरांविषयी जे शिकाल ते पाच दिवसांच्या हॉलमध्ये मिळायचं नाही, आणि त्याचं सर्टिफिकेट पण मिळणार नाही, ही आपल्या व्यवस्थेतली मोठी उणीव आहे असं मी स्पष्ट म्हणते.

हॉलमध्ये जावं तर लागणारच. जाताना एक प्रश्न कागदावर लिहून न्या, एकच. 'एका खोलीत दोन वर्ग असताना हे कसं करू' असा. समोरच्याला उत्तर येत नसेल तर चहाच्या सुट्टीत बाकीच्या द्विशिक्षकीवाल्यांना गाठा, हॉलमध्ये निम्मे तेच असतात. माझं निम्मं शिक्षण त्या चहाच्या सुट्टीतच झालंय.

प्रश्न : दरवर्षी ५० तासांचं ट्रेनिंग करावंच लागणार असं आमच्या ग्रुपवर फिरायलंय. हे खरं आहे का? आणि कोणतं ट्रेनिंग हे कोण ठरवणार? (प्राथमिक शिक्षक, परभणी जिल्हा)

उत्तर : ५० तासांची गोष्ट राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आहे, परिच्छेद ५.१५ मध्ये. प्रत्येक शिक्षकानं वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत अशी अपेक्षा आहे, मुख्याध्यापकांसाठी पण तसंच वेगळं आहे. पण ग्रुपवर जे फिरतं त्यात अर्धंच वाक्य असतं सर. धोरणात त्याच वाक्यात पुढं असं आहे की हे शिकणं शिक्षकाच्या स्वतःच्या आवडीतून व्हावं. हा अर्धा भाग कोणी फॉरवर्ड करत नाही आणि मला तोच महत्त्वाचा वाटतो. म्हणजे तुम्हाला विज्ञानाचे प्रयोग शिकायचे असतील, तर मला ते पाहिजे असं म्हणायचा हक्क तुम्हाला धोरणानंच दिलाय. वर्षाच्या सुरुवातीला केंद्राच्या शिक्षण परिषदेत (केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत) सगळ्यांनी मिळून आपल्याला काय शिकायचंय याची यादी लेखी द्या. वरिष्ठ वेतनश्रेणी (१२ वर्षं) आणि निवड वेतनश्रेणी (२४ वर्षं) यांचं प्रशिक्षण वेगळं, ते तर करावंच लागतं, त्याची यात गल्लत करू नका.

प्रश्न : मॅडम, मी शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून निवड होऊन मागच्या वर्षी हिंगोली जिल्ह्यात एका तांड्यावरच्या शाळेत रुजू झाले, मूळची साताऱ्याकडची आहे. वर्गात लेकरं माझ्याशी बोलतच नाहीत, आपसात गोरमाटीत (बंजारा बोलीत) इतकं बोलतात की थांबत नाहीत, मी जवळ गेले की एकदम गप्प. ट्रेनिंगमध्ये विचारलं तर मातृभाषेतून शिक्षण महत्त्वाचं आहे एवढं सांगून पुढच्या स्लाईडवर गेले. मला गोरमाटी येत नाही, मी काय करू? कधी कधी वाटतं बदली घेऊन परत जावं.

उत्तर : बाळा, परत जाऊ नकोस. तू मला मॅडम म्हणलीस तरी मी तुला अगं-तुगं करते, माझी लेक तुझ्याच वयाची आहे.

माझी पहिली शाळा पण तांड्याच्या लेकरांची होती. पहिल्या महिन्यात एक चिमुरडी रडत माझ्याकडं आली आणि याडी, याडी म्हणायली. मला ऐकू आलं गाडी. मला वाटलं हिला खेळण्यातली गाडी पाहिजे, मी फळ्यावर गाडी काढून दाखवली, खाली मोठ्या अक्षरात गाडी लिहिलं. लेकरू अजूनच रडायलं. याडी म्हणजे आई हे मला दीड महिन्यानं चौथीतल्या एका मुलीनं सांगितलं. दीड महिना सगळ्या वर्गाला माहिती होतं की बाईंना कळलं नाही, कोणी बोललं नाही कारण बाईंना चुकलात असं कसं म्हणायचं. तुझी लेकरं गप्प बसतात ती घाबरून नाही बसत नुसती, तुझा मान राखायला पण बसतात.

धोरणात लिहिलंय की शक्य असेल तिथं किमान पाचवीपर्यंत लेकराच्या घरच्या भाषेतून शिकवावं. पुस्तक तर मराठीच आहे, म्हणून तू एवढंच कर की रोज पाच शब्द लेकरांकडून शिकायचे, देवनागरीत भिंतीवर लिहायचे, एका बाजूला गोरमाटी एका बाजूला मराठी, आणि तू ते चुकीचं बोलायचंस. मुद्दाम नाही, तसंही चुकेलच. लेकरं हसतील, सुधारून देतील, आणि तिथून बोलायला लागतील. माझ्याकडं हे दोन आठवड्यात झालं.

दुसरं, श्रावणात तांड्यावर तीज असते. पोरी टोपल्यात माती घालून गहू पेरतात, नऊ दिवस गाणी म्हणत पाणी घालतात, हिरवेगार कोंब येतात. अगं, परिसर अभ्यासातला बी रुजण्याचा पाठ तुझ्या दारात चालत येतोय! कोणत्या दिवशी कोंब किती वाढला ते पट्टीनं मोजायला लाव, सावलीतली टोपली आणि उन्हातली टोपली शेजारी ठेव. एखाद्या आज्जीला शाळेत बोलव, होळीच्या वेळी लेंगी गातात तेव्हा तू स्वतः जाऊन बस. वर्षभर असं केल्यावर तुझ्याकडं जे असेल ते तुमच्या शिक्षण परिषदेत मांड, कारण हिंगोली, नांदेड, यवतमाळ पट्ट्यात तुझ्यासारख्या कितीतरी जणी तांड्यावर एकट्या पडल्या आहेत आणि त्यांना पण त्या स्लाईडपलीकडं काही मिळालेलं नाही.

प्रश्न : ताईसाहेब, वय ५२, जिल्हा धाराशिव. मोबाईलवरचे कोर्स मला जमत नाहीत. मुलगा करून देतो, व्हिडिओ चालू ठेवून टीव्ही बघतो आणि शेवटचे प्रश्न अंदाजानं टाकतो, सर्टिफिकेट माझ्या नावानं निघतं. ३० वर्षांच्या नोकरीत असं कधी केलं नव्हतं, मनाला खातं. त्यात आता टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) द्या म्हणतात. या वयात?

उत्तर : गुरुजी, मनाला खातं म्हणून तुम्ही लिहिलंत, ते लिहायलाच हिंमत लागते. हे फार जणांच्या घरात चालतं, कोणी बोलत नाही.

केंद्र सरकारचं शिक्षकांसाठीचं निष्ठा प्रशिक्षण ऑगस्ट २०१९ मध्ये सुरू झालं तेव्हा समोरासमोर होतं, कोविडमुळं ऑक्टोबर २०२० पासून ते दीक्षा या सरकारी ॲपवर आलं, प्राथमिकसाठी १८ कोर्स, एकेक तीन-चार तासांचा. तेव्हा तुमच्यासारख्या कित्येकांना एका रात्रीत मोबाईल शिका म्हणलं गेलं, हात धरून शिकवायला कोणी आलं नाही. ही तुमची चूक नाही. पण आता एवढं करा, मुलाच्या हातात मोबाईल देऊ नका, त्याला शेजारी बसवा आणि बटण तुम्ही दाबा. आठ दिवस हळू जाईल, मग बसतं. आमच्या केंद्रात चार गुरुजी एकाच मोबाईलवर शाळेच्या ओट्यावर बसून कोर्स बघायचे, दर दहा मिनिटाला बंद करून भांडायचे की हे आपल्याकडं होईल का नाही. त्या चौघांइतकं त्या कोर्समधून कोणी घेतलं नसेल.

टीईटीचं सांगते. १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात ज्यांची नोकरी अजून पाच वर्षांपेक्षा जास्त शिल्लक आहे त्यांना दोन वर्षांत टीईटी पास व्हायला सांगितलंय. तुमची ५८ ला निवृत्ती धरली तर तुम्ही त्यात येता. पुढं काही बदल झाला तर संघटनेकडून कळेलच, तोवर अभ्यास थांबवू नका. ३० वर्षं शिकवलेल्या माणसाला परत परीक्षेला बसवणं माझ्या मनाला पटत नाही, हे पण लिहून ठेवते. पण भीती काढून टाका. पहिली ते पाचवीचा पेपर एक १५० मार्कांचा, अडीच तास, पर्याय निवडायचे, चुकलं तर मार्क कापत नाहीत. पाच भाग प्रत्येकी ३० मार्कांचे, दोन भाषा, गणित, परिसर अभ्यास आणि बालमानसशास्त्र. गणित आणि परिसर तुम्ही रोजच शिकवता. वेळ द्यायचा तो बालमानसशास्त्राला आणि इंग्रजीला. बालमानसशास्त्र वाचताना प्रत्येक ठिकाणी तुमच्या शाळेतलं एखादं लेकरू आठवा, मोठमोठे शब्द लगेच सोपे होतात, कारण ती लेकरं तुम्ही बघितलेली आहेत, शब्दच नवे आहेत. आणि जुने पेपर घड्याळ लावून सोडवा, घरच्यांना सांगून ठेवा की अडीच तास हाक मारायची नाही.

प्रश्न : मी जालना जिल्ह्यातली एक आई आहे. आमच्या गावच्या बाई सारख्या ट्रेनिंगला जातात, त्या दिवशी लेकरं नुसती खिचडी खाऊन येतात. आम्ही कोणाला विचारायचं?

उत्तर : ताई, बाईंनाच विचारा, पण रागानं नको. त्या स्वतःहून जात नाहीत, त्यांना आदेश येतो, आणि आल्यावर राहिलेलं काम पण त्यांनाच भरून काढावं लागतं. तुम्ही शाळा व्यवस्थापन समितीत आहात का? नसाल तर बैठकीला नुसतं जाऊन बसा आणि दोन गोष्टी विचारा, बाई जातील त्या दिवशी वर्ग कोण बघणार हे आधी ठरवलंय का, आणि बाई काय शिकून आल्या. दुसरं विचारायला लाजू नका. आमच्या एका शाळेत एका आईनं असंच विचारलं होतं, तर बाईंनी दुसऱ्या दिवशी तिला वर्गात बोलावून मागं बसवलं. ती आई शेतातली खुरपणी सोडून तासभर बसली आणि जाताना म्हणाली, माझ्या पोराला फळ्यावरचं दिसंना झालंय, तो शेजारच्याचं बघून लिहायलाय. खरंच होतं, पोराला चष्मा लागला. बाईंना वर्षभर ते कळलं नव्हतं.